कॉलेजचा पहिला स्प्रेडशीट कोर्स: सुरुवात कुठून करायची आणि अडकायला कुठे होतं

पहिल्या सत्राच्या विषयांत स्प्रेडशीट दिसलं तेव्हा मी निर्धास्त होते. चौकटी आखलेल्याच असतात, आकडे भरायचे, खाली बेरीज मांडायची, झालं. दुसऱ्या असाइनमेंटमध्ये माझं एकूण एक उत्तर बरोबर होतं, तरी निम्मे गुण गेले. मॅडमनी मला शेजारी बसवलं, माझ्याच फाइलमधला एक आकडा बदलला आणि म्हणाल्या, "आता बेरीज बघ." बेरीज जागची हलली नव्हती. ती मी कॅल्क्युलेटरवर करून सेलमध्ये, म्हणजे त्या चौकटीत, टाइप केली होती.

स्प्रेडशीटमध्ये उत्तर लिहायचं नसतं, उत्तर कसं निघतं ते लिहायचं असतं. हे मला त्या दिवशी कळलं आणि बाकीचा कोर्स सोपा झाला. पुढे दोन वर्षं मी लॅबमध्ये नव्या विद्यार्थ्यांच्या मदतीला बसायचे. मुलंमुली हुशार असायची, मेहनतही करायची, पण अडकायची ती ठरावीक जागी. त्या जागा तुम्हाला आधीच माहीत असाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

एक सूचना आधीच देते. फॉर्म्युला म्हणजे = ने सुरू होणारं सूत्र आणि फंक्शन म्हणजे त्यात वापरायची तयार क्रिया, जसं बेरजेसाठी सम. या लेखात सेलचे पत्ते, फंक्शनची नावं आणि अंक देवनागरीत दिले आहेत. शीटमध्ये टाइप करताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाकायचे. आणि दोन भागांमध्ये स्वल्पविराम दिल्यावर फॉर्म्युला चालत नसेल, तर अर्धविराम देऊन बघा. कॉम्प्युटरच्या प्रादेशिक सेटिंगनुसार हे चिन्ह बदलतं.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- कीबोर्ड असलेला कॉम्प्युटर. मोबाइलच्या ॲपमध्ये शीट बघता येते, पण त्यावर हात बसत नाही. लॅपटॉप असेल तर माउस जोडा, सेल ओढताना फार फरक पडतो.
- लॅबमध्ये आहे तोच प्रोग्रॅम. एक्सेल असेल तर कॉलेजच्या ईमेलवर ते मोफत मिळतं का, याची आधी चौकशी करा. नाहीतर गूगल शीट्स ब्राउझरमध्ये चालतं आणि लिब्रेऑफिस कॅल्क मोफत उतरवून घेता येतं. मूळ गोष्टी तिन्हींत सारख्याच आहेत, मेनू मात्र वेगळ्या जागी असतात. परीक्षेआधीचे दोन आठवडे तरी लॅबच्याच प्रोग्रॅमवर सराव करा.
- कोर्सचा आराखडा आणि गुणांची विभागणी. फॉर्म्युल्याला किती गुण, मांडणीला किती, चार्टला किती, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या.
- सरावासाठी स्वतःची खरी माहिती: हजेरी, रोजचा अभ्यासाचा वेळ, खेळातले स्कोअर, काहीही. स्वतःच्या आकड्यांमध्ये चूक झाली की लगेच खटकते. पुस्तकातल्या आकड्यांचं तसं होत नाही.
- एक वही. प्रत्येक फंक्शन स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहून ठेवण्यासाठी.

१. आधी शीटमध्ये फिरायला शिका

याला एक तास पुरतो. कॉलमना अक्षरं, ओळींना आकडे, आणि दोन्ही मिळून सेलचा पत्ता: सी७ म्हणजे सी कॉलममधली सातवी ओळ. कंट्रोल धरून खालचा बाण दाबला की माहितीच्या शेवटच्या ओळीवर जाता येतं. त्यासोबत शिफ्टही धरलं तर तिथपर्यंतचं सगळं सिलेक्ट होतं. रिकाम्या शीटमध्ये हे करून बघा. एक्सेलमध्ये तुम्ही थेट १०,४८,५७६ व्या ओळीवर पोहोचाल. शीट तिथे संपते.

एफ२ दाबलं की सेलमधला मजकूर दुरुस्त करता येतो. वरच्या लांब पट्टीला फॉर्म्युला बार म्हणतात. सेलमध्ये काय दिसतं ते खाली आणि सेलमध्ये खरं काय आहे ते वर. वर बघायची सवय आजपासूनच लावून घ्या.

२. एका ओळीत एकच नोंद

नवीन मुलं शीट सजवायला बसतात. मोठं शीर्षक, त्यासाठी सहा सेल मर्ज केलेले (जोडून एक केलेले), मध्ये मोकळ्या ओळी, प्रत्येक गटाखाली त्या गटाची बेरीज. कागदावर हे छान दिसतं. पण पुढे सॉर्ट (क्रम लावणं), फिल्टर (हवं तेवढंच दाखवणं), पिव्होट (गटवार सारांश) करायची वेळ आली की हीच सजावट आडवी येते.

नियम साधा आहे. सगळ्यात वर शीर्षकांची एकच ओळ. त्याखाली प्रत्येक ओळीत एक नोंद. प्रत्येक कॉलममध्ये एकाच प्रकारची माहिती. मध्ये मोकळी ओळ नाही, मर्ज केलेला सेल नाही. एकक शीर्षकात लिहायचं, सेलमध्ये नाही: "वजन (किलो)" हे शीर्षक आणि खाली नुसता ५. सेलमध्ये "५ किलो" लिहिलंत तर ते अक्षरांत जमा होतं आणि बेरजेतून बाहेर पडतं.

कच्ची माहिती एका शीटवर ठेवा आणि हिशेब दुसऱ्या शीटवर करा. मूळ माहितीला हात लागला नाही, तर काहीही बिघडलं तरी मागे येता येतं. शीर्षकांची ओळ फ्रीझ करून ठेवा, म्हणजे खाली दोनशेव्या ओळीवर असतानाही कुठला कॉलम कशाचा ते दिसत राहतं.

३. सेलमध्ये दिसतं एक, असतं दुसरंच

कोर्समध्ये या भागाला जेमतेम अर्धा तास मिळतो. माझ्या मते इथे आठवडा द्यायला हवा, कारण पुढच्या निम्म्या चुका इथूनच येतात.

हे करून बघा. ए१ ते ए५ मध्ये ६२, ७१, ५८, ६६ आणि ४३ टाका. फक्त ७१ टाइप करताना त्याच्या आधी एक ॲपॉस्ट्रॉफी (') द्या. आता तो आकडा नाही, मजकूर आहे. सेलमध्ये तो ७१ असाच दिसतो, फक्त डावीकडे सरकलेला असतो. एक्सेलमध्ये कोपऱ्यात एक छोटा हिरवा त्रिकोणही येतो. आता ए६ मध्ये =सम(ए१:ए५) लिहा. उत्तर ३०० यायला हवं, येतं २२९. सरासरी ६० ऐवजी ५७.२५. एरर नाही, सूचना नाही.

आणखी एक करून बघा. ए७ मध्ये =ए१+ए२+ए३+ए४+ए५ लिहा. उत्तर ३००! अधिकचं चिन्ह मजकुरातल्या आकड्याला आकडा समजून घेतं, पण सम फंक्शन रेंजमधला (ए१:ए५ अशा सेलच्या पट्ट्यातला) मजकूर वगळून पुढे जातं. हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या एका शीटवर संध्याकाळ गेली होती. वेबपेज किंवा पीडीएफमधून आकडे कॉपी केले की हे हमखास होतं.

तपासायला =आयएसनंबर(ए२) वापरा. उत्तर फॉल्स आलं तर तो मजकूर आहे. दुरुस्तीसाठी कॉलम सिलेक्ट करून डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्सवर जा आणि थेट फिनिश दाबा. बहुतेक वेळा काम होतं. नाही झालं तर आकड्याला न दिसणारी मोकळी जागा चिकटलेली असते. साधी मोकळी जागा ट्रिम फंक्शनने जाते. वेबपेजवरून येणारी मात्र वेगळी असते, तिचा कोड १६०. (पुढच्या फॉर्म्युल्यातलं कॅर म्हणजे इंग्रजीत CHAR.) तिच्यासाठी =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"")) असं लिहावं लागतं.

उलट बाजूही लक्षात ठेवा. काही आकडे हे आकडे नसतातच. रोल नंबर ००७ टाइप केलात की ७ उरतो. सोळा अंकी क्रमांक टाकलात तर एक्सेल पहिले १५ अंक ठेवतं आणि सोळाव्याच्या जागी शून्य येतं. ज्या क्रमांकाची कधी बेरीज करायची नसते, तो कॉलम टाइप करायला सुरुवात करण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा. नंतर केलात तर गेलेला अंक परत येत नाही.

तारखांचं प्रकरण वेगळंच आहे. एक्सेलच्या दृष्टीने तारीख म्हणजे मोजलेले दिवस: १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२. म्हणूनच दोन तारखांची वजाबाकी केली की मधले दिवस मिळतात. आणि म्हणूनच कधीतरी तारखेच्या जागी पंचेचाळीस हजारांच्या घरातला एखादा आकडा दिसतो. तिथे फक्त सेलचं फॉरमॅट बदलायचं असतं. याउलट तारखेसारखं काही दिसलं की प्रोग्रॅम न विचारता त्याची तारीख करून टाकतो. मार्च१, सेप्ट१ अशा जनुकांच्या नावांचं हेच व्हायचं. शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलली, आणि २०२० मध्ये जाहीर केलेल्या नियमांत नाव ठरवताना हा धोका टाळायचं ठरवलं. तुमच्या असाइनमेंटमध्ये ३/४ असा गट क्रमांक असेल तर त्याची तारीख होणार हे धरूनच चाला.

शेवटचं, दशांश. दशांश लपवले म्हणून आकडा बदलत नाही. १०० ला ३ ने भागून तीन सेलमध्ये ठेवा. प्रत्येकात ३३.३३ दिसेल आणि बेरीज मात्र १००.०० दिसेल. प्रश्नात "दोन दशांशांपर्यंत पूर्णांकित करा" असं असेल तर राउंड फंक्शन लागतं, फॉरमॅट बदलून भागत नाही. माझ्या वर्गात या एका ओळीने बऱ्याच जणांचे गुण गेले होते.

४. फॉर्म्युल्यात आकडा टाइप करू नका

=सी२*०.१८ असं लिहिलंत की ते ०.१८ काय आहे हे महिनाभराने तुम्हालाही आठवत नाही. दर बदलला तर प्रत्येक फॉर्म्युल्यात जाऊन तो शोधावा लागतो. त्याऐवजी दर एका वेगळ्या सेलमध्ये ठेवा, शेजारी त्याचं नाव लिहा आणि फॉर्म्युल्यात त्या सेलचा पत्ता द्या.

स्प्रेडशीट जन्माला आली ती याच गरजेतून. डॅन ब्रिकलिन हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. फळ्यावरच्या हिशेबात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, हे त्यांनी वर्गात बघितलं. ते सगळं आपोआप बदललं तर, या विचारातून त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्यासोबत व्हिसिकॅल्क तयार केलं. १९७९ मध्ये ते ॲपल टू कॉम्प्युटरवर आलं. तुम्ही उत्तर हाताने टाइप करता तेव्हा त्या फळ्याकडेच परत जाता.

५. डॉलरचं चिन्ह: इथे दोन संध्याकाळी द्या

कोर्समधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कुठली, असं कोणी विचारलं तर मी हीच सांगते. उदाहरण हजेरीचं घेऊ.

बी कॉलममध्ये नावं, सी कॉलममध्ये प्रत्येकाने हजेरी लावलेले तास. एकूण झालेले तास, ४८, एच१ मध्ये. किमान आवश्यक तास, ३६, एच२ मध्ये. पहिल्या विद्यार्थ्याचे ३६ तास. डी कॉलमचं फॉरमॅट टक्के केलं आणि डी२ मध्ये लिहिलं =सी२/एच१. उत्तर ७५ टक्के, बरोबर. आता फॉर्म्युला खाली ओढायचा.

दुसऱ्या विद्यार्थ्याचे ४२ तास. उत्तर यायला हवं ८७.५ टक्के. डी३ मध्ये दिसतं ११७ टक्के. त्याखालच्या प्रत्येक सेलमध्ये शून्याने भागल्याची एरर.

काय झालं? डी३ वर जा आणि फॉर्म्युला बारमध्ये बघा: =सी३/एच२. फॉर्म्युला एक ओळ खाली आला, म्हणून त्यातले दोन्ही पत्ते एक ओळ खाली सरकले. सी२ चं सी३ झालं ते हवंच होतं. एच१ चं एच२ झालं ते नको होतं. एच२ मध्ये ३६ असल्यामुळे एररही आली नाही, नुसतं चुकीचं उत्तर आलं. एररवर नजर जाते, अशा उत्तरावर जात नाही. समजा ११७ च्या जागी ९१ आलं असतं, तर कोणाला शंका आली असती?

आता डी२ मध्ये =सी२/$एच$१ लिहा आणि पुन्हा ओढा. डॉलर म्हणजे "इथून हलू नकोस". एचच्या आधीचा डॉलर कॉलमला धरून ठेवतो, १ च्या आधीचा ओळीला. टाइप करताना पत्त्यावर कर्सर ठेवून एफ४ दाबलं की डॉलर आपोआप लागतात. पुन्हा दाबलं की फक्त ओळीला, मग फक्त कॉलमला, मग निघून जातात. बऱ्याच लॅपटॉपवर त्यासाठी एफएन बटणही सोबत दाबावं लागतं.

दोन डॉलर मुलांना पटकन कळतात, एक डॉलर छळतो. त्यासाठी पाढ्यांचा तक्ता करा. बी१ पासून उजवीकडे १ ते १२, ए२ पासून खाली १ ते १२. आता बी२ मध्ये एकच फॉर्म्युला असा लिहा, की तो उजवीकडे आणि खाली ओढल्यावर १४४ च्या १४४ उत्तरं बरोबर यावीत. लगेच पुढे वाचू नका, करून बघा. डॉलर वेगवेगळ्या जागी लावा, चुकू द्या, आणि चुकीच्या सेलवर जाऊन पत्ता कुठे सरकला ते बघा.

उत्तर आहे =$ए२*बी$१. डाव्या कॉलममधला आकडा घेताना कॉलम धरायचा आणि ओळ मोकळी सोडायची, वरच्या ओळीतला घेताना ओळ धरायची आणि कॉलम मोकळा सोडायचा. हे न बघता जमलं की अर्धा कोर्स झाला असं समजा.

६. मोजकी फंक्शनं, पण पक्की

यादीत पन्नास फंक्शनं असतील. सम, ॲव्हरेज (सरासरी), काउंट, काउंटए, राउंड, इफ, काउंटइफ (अटीत बसणारे सेल मोजतं), समइफ (अटीत बसणाऱ्यांची बेरीज करतं), एवढी आठ आधी पक्की करा.

ॲव्हरेज रिकामा सेल आणि मजकूर सोडून देतं, शून्य मात्र धरतं. तीन विद्यार्थ्यांचे गुण ६०, ५० आणि ७०, चौथा गैरहजर. गैरहजराचा सेल रिकामा ठेवलात किंवा "गैरहजर" लिहिलंत तर सरासरी ६०. शून्य लिहिलंत तर ४५. दोन्हींतलं बरोबर कुठलं, हे प्रश्न काय विचारतो आहे त्यावर ठरतं. काउंट फक्त आकडे मोजतं, काउंटए रिकामा नसलेला प्रत्येक सेल मोजतं. या दोघांच्या उत्तरांत फरक आला, तर कॉलममध्ये कुठेतरी मजकूर आहे हेही कळतं. तिसऱ्या पायरीवरची चूक पकडायला हा सोपा मार्ग आहे.

इफ म्हणजे अट खरी असेल तर एक उत्तर, नाहीतर दुसरं. त्यात एकात एक अटी घालताना क्रम सांभाळा. समजा गुण ई२ मध्ये आहेत: =इफ(ई२>=७५,"विशेष प्रावीण्य",इफ(ई२>=६०,"प्रथम",इफ(ई२>=४०,"उत्तीर्ण","अनुत्तीर्ण"))). पहिली खरी ठरलेली अट सापडली की शोध तिथेच थांबतो. सुरुवात ४० पासून केलीत तर ९० गुणवालाही नुसता उत्तीर्ण होतो. मजकुराला सरळ अवतरण चिन्हं द्या. वर्डमधून कॉपी केलेली वळणदार चिन्हं चालत नाहीत.

७. लुकअप: चौथा भाग विसरू नका

एका यादीत रोल नंबर आणि गुण, दुसरीत, त्याच शीटच्या जे आणि के कॉलममध्ये, रोल नंबर आणि नावं. दोन्ही जोडायला व्हीलुकअप. =व्हीलुकअप(ए२,$जे$२:$के$४१,२,फॉल्स) म्हणजे: ए२ मधला नंबर जे कॉलममध्ये शोध, सापडला की त्या ओळीतल्या दुसऱ्या कॉलममधलं दे, आणि तंतोतंत तोच नंबर हवा.

शेवटचं फॉल्स गाळलंत तर "जवळपासचा चालेल" असा अर्थ होतो. मग यादी चढत्या क्रमाने नसेल तर भलत्याच विद्यार्थ्याचं नाव येऊ शकतं, तेही एररशिवाय. रेंजला डॉलर नसतील तर खाली ओढताना यादीची वरची टोकं सुटत जातात. आणि एका यादीत रोल नंबर आकडा, दुसरीत मजकूर असेल तर डोळ्यांना सारखे दिसणारे दोन नंबर एकमेकांना सापडत नाहीत. लॅबमध्ये "लुकअप चालत नाही" म्हणून हात वर झाला की मी आधी हेच तपासायचे.

"जवळपासचा" पर्याय एका कामाला मात्र उत्तम आहे: श्रेणी द्यायला. ०, ४०, ६०, ७५ असा चढता कॉलम, शेजारी श्रेणीचं नाव, आणि शेवटी ट्रू. वरचा लांबलचक इफ लिहावाच लागत नाही.

नव्या एक्सेलमध्ये एक्सलुकअप आहे. ते न सांगताही तंतोतंतच शोधतं आणि डावीकडच्या कॉलममधूनही आणून देतं. लॅबमधल्या आवृत्तीत ते आहे का, हे आधी बघून घ्या.

८. सॉर्ट, फिल्टर, पिव्होट

सॉर्टचा सापळा एकच, पण जीवघेणा. फक्त गुणांचा कॉलम सिलेक्ट करून सॉर्ट केलात तर गुण हलतात, नावं जागीच राहतात. एक्सेल विचारतं, शेजारची माहितीही घेऊ का? घाईत "आहे तेवढंच" निवडू नका. फाइल सेव्ह करून बंद केल्यावर हे लक्षात आलं तर कोणाचे गुण कोणाचे ते परत जुळवता येत नाही. पूर्ण माहिती सॉर्ट केल्यावर मूळ क्रम परत आणता यावा म्हणून मी पहिल्या कॉलममध्ये १, २, ३ असे अनुक्रमांक टाकून ठेवते, पण एकटा कॉलम सॉर्ट झाला असेल तर त्यांचाही उपयोग होत नाही.

पिव्होट टेबलला मुलं उगाच घाबरतात. दुसऱ्या पायरीसारखी मांडणी असेल तर ते दहा मिनिटांचं काम आहे: विभाग ओळींत ओढा, वर्ष कॉलममध्ये, गुण व्हॅल्यूजमध्ये. बेरजेऐवजी मोजणी दिसली तर गुणांच्या कॉलममध्ये मजकूर किंवा रिकामा सेल आहे का ते बघा. मूळ माहिती बदलली की रिफ्रेश करायला विसरू नका.

९. चार्ट

काळानुसार बदल दाखवायचा असेल तर रेषा, तुलना असेल तर स्तंभ. आकड्यांत मोजलेल्या दोन गोष्टींचा संबंध असेल तर स्कॅटर (ठिपक्यांचा चार्ट). पाय चार्टमध्ये चार-पाच तुकड्यांपलीकडे जाऊ नका. वर्षांचा कॉलम आकडा असल्यामुळे तीही एक रेषा म्हणून काढली जाते आणि २०२० च्या उंचीवर एक आडवी रेघ दिसते. ती काढून वर्षं आडव्या अक्षावर द्या. शीर्षक, अक्षांची नावं, एककं. यांचे गुण असतात आणि ते मिळवणं सोपं आहे.

१०. एरर आली की आधी वाचा

मुलं एरर दिसली की सगळं पुसून नव्याने लिहितात. तसं करू नका. काय बिघडलं आहे ते एरर सांगत असते.

- डिव्ह/०: शून्याने किंवा रिकाम्या सेलने भागलं. आधी डॉलर तपासा.
- एन/ए: शोधलेली गोष्ट यादीत सापडली नाही.
- नेम: फंक्शनचं नाव चुकलं, किंवा मजकुराला अवतरण चिन्हं नाहीत.
- व्हॅल्यू: आकड्याच्या जागी मजकूर आला.
- रेफ: फॉर्म्युला ज्या सेलवर अवलंबून होता तो डिलीट झाला. लगेच कंट्रोल+झेड.
- नुसती हॅशची रांग: बहुतेक वेळा कॉलम अरुंद आहे, रुंद करा.

इफएरर फंक्शनने एरर झाकता येते, पण कारण कळल्याशिवाय झाकू नका. झाकलेली एरर पुढच्या बेरजेत शून्य होऊन बसते.

११. जमा करण्याआधी वीस मिनिटं

कंट्रोल धरून टिल्डचं (~) बटण दाबा, त्यावरच बॅकटिक (`) हे चिन्हही असतं. सगळे फॉर्म्युले एकदम दिसतात. कॉलममध्ये वरून खाली नजर फिरवा. सगळीकडे फॉर्म्युला आणि मध्येच एक नुसता आकडा दिसला, तर तो हाताने टाइप झालेला आहे.

मग प्रत्येक बेरजेवर एफ२ दाबून रंगीत चौकट कुठपर्यंत जाते ते बघा. शेवटच्या दोन ओळी बाहेर राहणं फार सोपं असतं. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० मधल्या सरकारी कर्जावरच्या निबंधात हेच झालं होतं. सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज अपुरी पडली आणि २० पैकी ५ देश बाहेर राहिले. निबंधावर इतरही आक्षेप होते, पण ही चूक २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाइल मागवून, सेलवर जाऊन बघितल्यामुळे सापडली. वर्गाच्या अभ्यासासाठीच तो ते आकडे पुन्हा काढून बघत होता.

त्यानंतर एक मूळ आकडा मुद्दाम बदला आणि पुढचं सगळं हलतं का ते बघा. हलत नसेल तिथे साखळी तुटली आहे. झालं की कंट्रोल+झेड.

फाइल एक्सएलएसएक्स प्रकारातच सेव्ह करा. सीएसव्ही केलीत तर फॉर्म्युले, चार्ट आणि बाकीच्या शीट जातात, उरतात ते नुसते आकडे. जुना एक्सएलएस प्रकारही नको, त्यात एका शीटला ६५,५३६ ओळींची मर्यादा आहे. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये याच मर्यादेमुळे कोविडच्या जवळपास १६ हजार रुग्णांच्या नोंदी आकडेवारीत वेळेवर आल्या नव्हत्या. अपलोड केलेली फाइल पुन्हा उतरवून एकदा उघडून बघा. चुकीची आवृत्ती जमा करणारे प्रत्येक तुकडीत असतात.

१२. प्रॅक्टिकल परीक्षेची तयारी

व्हिडिओ बघून सगळं समजल्यासारखं वाटतं, पण समोर रिकामी शीट आली की हात थांबतात. मित्राकडून किंवा चॅटबॉटकडून फॉर्म्युला घेतलात तर तो कॉपी करू नका. आधी वाचा, फाइल बंद करा, मग नव्या शीटवर स्वतः टाइप करा. जमलं नाही तर पुन्हा वाचा. तोंडी परीक्षेत "इथे डॉलर का लावला?" हा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो.

आठवड्यातून चार दिवस अर्धा-अर्धा तास पुरतो. त्यातली दहा मिनिटं माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर काम करा.

परीक्षेच्या दिवशी फाइल उघडल्या उघडल्या आधी स्वतःच्या नावाने सेव्ह करा आणि मूळ माहितीच्या शीटची एक कॉपी त्याच फाइलमध्ये ठेवा. प्रश्न वाचून कुठले आकडे बदलू शकतात ते ओळखा: दर, एकूण गुण, किमान मर्यादा. त्यांना वर वेगळे सेल द्या. फॉर्म्युला आधी पहिल्या ओळीत लिहा, उत्तर कागदावर पडताळा, मग दोनच ओळी खाली ओढा आणि तिसऱ्या ओळीतले पत्ते वाचा. ते बरोबर असतील तरच शेवटपर्यंत ओढा. आणि दर दहा मिनिटांनी कंट्रोल+एस दाबत राहा. लॅबच्या कॉम्प्युटरवर ऑटोसेव्ह चालू असेलच असं नाही.